टेकडीखालची दोन मतं

जेसिंडा आर्डर्न यांनी पंचांग उघडून पाहिलं असण्याची शक्यता शून्य. तरीही २०२० साली न्यूझीलंडच्या सार्वत्रिक निवडणुकीचं जे झालं, ते एखाद्या गुरुजींना विचारून केल्यासारखं होतं. मतदानाची मूळ तारीख होती १९ सप्टेंबर. त्या वर्षी अधिक आश्विन होता आणि तो आदल्याच दिवशी सुरू झाला होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे द्यावेत, सरकारं बसवू नयेत. पण ऑगस्टमध्ये ऑकलंडमध्ये करोनाचे रुग्ण पुन्हा सापडले, आर्डर्न यांनी निवडणूक चार आठवडे पुढे ढकलली आणि नवी तारीख ठरली १७ ऑक्टोबर. अधिक मास १६ तारखेला संपला. १७ तारखेच्या शनिवारी घटस्थापना होती. लेबर पक्षाला एकट्याच्या जोरावर बहुमत मिळालं, जे आजच्या मतदान पद्धतीत त्याआधी कुणालाच मिळालं नव्हतं.

पुढची निवडणूक १४ ऑक्टोबर २०२३ ला झाली. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. लेबरचं पानिपत झालं.

मुहूर्तावर विश्वास ठेवणाऱ्यांनी इतक्यात खूश होऊ नये. न्यूझीलंडमध्ये निम्म्याहून जास्त मतदार शनिवारची वाट न पाहता आधीच मत टाकून मोकळे होतात, त्यामुळे २०२० मध्ये त्यांची मतं अधिक मासातच पेटीत पडलेली होती. तरी हा योगायोग ज्या मतदारसंघात सगळ्यात ठसठशीत दिसला, तो पाहण्यासारखा आहे. ऑकलंडच्या दक्षिण-मध्य उपनगरातल्या माउंट रॉस्किलमध्ये घटस्थापनेच्या दिवशी लेबरचे मायकेल वुड १३,८५३ मतांनी निवडून आले. अमावास्येला तेच वुड १,५६४ मतांनी पडले. ज्या जागेवर लेबरचा उमेदवार उभा राहिला की निवडून आला असं वर्षानुवर्षं धरलं जायचं, तिथे नॅशनल पक्षाचे कार्लोस च्युंग खासदार झाले.

या उपनगरात इंग्रजीखेरीज मँडरिन, कँटोनीज, हिंदी, फिजी हिंदी, पंजाबी, गुजराती, तमिळ, सामोअन, टोंगन, अरबी, सोमाली अशा भाषा घराघरांत बोलल्या जातात. मराठीही आहे, पण थोडी. रहिवाशांपैकी निम्म्याच्या आसपास लोक परदेशात जन्मलेले. अशा ठिकाणी मतं भाषेनं ठरतात, जातीनं ठरतात की देवळाच्या कमिटीत ठरतात, हे कुतूहल आपल्याकडच्या कुणालाही वाटेल. रॉस्किलचं शंभरेक वर्षांचं निवडणूक दप्तर चाळलं तर निघणारं उत्तर जरा अनपेक्षित आहे.

आधी जागा पाहू. माउंट रॉस्किल हा डोंगर नाही, शांत झालेल्या ज्वालामुखीची पर्वतीसारखी चढून जाण्याजोगी टेकडी आहे. तिचं माओरी नाव पुकेटापापा, म्हणजे सपाट माथ्याची टेकडी. पायथ्याशी २००९ मध्ये वाहता झालेला महामार्ग आहे. शहरातून सरळ दक्षिणेला येणारा डोमिनियन रोड चिनी खानावळींसाठी प्रसिद्ध, तर स्टोडर्ड रोडला हलाल मांसाची दुकानं, भारतीय किराणा, कापडाचे तागे आणि हिंदी सिनेमाच्या वळणाच्या पाट्या. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला इथे पहिल्या आठवड्यात एक शब्द चकवतो. ‘डेअरीतून ब्रेड आण’ असं कुणी म्हटलं की तो दूधवाल्याचा शोध घेऊ लागतो. न्यूझीलंडमध्ये डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. दूध, ब्रेड, सिगारेट, चॉकलेट, वर्तमानपत्र सगळं तिथेच. गल्ल्यावर बहुतेक वेळा गुजराती किंवा पंजाबी माणूस असतो. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढे निवडणुकीत तो येणार आहे.

भारतीय येण्याच्या कितीतरी आधी रॉस्किलची ख्याती वेगळीच होती. हा भाग ‘बायबल बेल्ट’ म्हणून ओळखला जायचा. चर्च गल्लोगल्ली, आणि दारूचा गुत्ता एकही नाही. न्यूझीलंडमध्ये एके काळी प्रत्येक निवडणुकीबरोबर त्या त्या भागात दारूविक्रीचे परवाने असावेत की नसावेत यावरही मतदान व्हायचं. बंदी उठवायची तर साध्या बहुमतानं भागत नसे, पाचातली तीन मतं लागत. वर्धा जिल्ह्याला दारूबंदी माहीत आहे, पण ती सरकारनं घातलेली. रॉस्किलनं ती स्वतःच्या मतानं घालून घेतली आणि पिढ्यानपिढ्या टिकवली. देशातले बहुतेक ‘कोरडे’ भाग एकेक करून ओले झाले; रॉस्किल शेवटच्या काहींत होतं. इथली बंदी उठली ती थेट १९९९ मध्ये. (वर्ध्याप्रमाणेच हद्दीच्या पलीकडे काय मिळायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतंच.)

या कोरड्या रॉस्किलचा चेहरा म्हणजे कीथ हे. लाकडी घरं बांधून विकणारे उद्योजक आणि कट्टर ख्रिस्ती. १९५३ ते १९७४ अशी २१ वर्षं ते रॉस्किल बरोचे महापौर होते. १९८५ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणाऱ्या विधेयकाविरुद्ध देशभर सह्यांची मोहीम निघाली. तिच्या पुढाऱ्यांत कीथ हे होते. आठ लाखांहून जास्त सह्या असल्याचा दावा करत खोक्यांच्या खोक्यांनी अर्ज संसदेत नेला गेला. कायदा तरीही १९८६ मध्ये झाला. त्यांच्या नावाचं मैदान आजही रॉस्किलमध्ये आहे आणि पोरं तिथे फुटबॉल खेळतात.

आता गंमत अशी की चर्च, दारूबंदी आणि जुन्या वळणाचा महापौर असलेलं हे उपनगर संसदेत मात्र डाव्या पक्षाचा माणूस पाठवत राहिलं. कारण घरांत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लेबर सरकारनं शहराच्या कडेच्या शेतजमिनींवर सरकारी भाड्याची घरं उभारली. रॉस्किलच्या आसपास अशा वसाहतींची रांग लागली. कौलारू, चार खोल्यांची, मागे भाजीपाल्याला जागा असलेली घरं. रविवारी चर्चला जाणारं कुटुंब तीन वर्षांतून एकदा लेबरच्या नावापुढे खूण करायचं, आणि त्याच दिवशी दुसऱ्या कागदावर दारूबंदीच्या बाजूनं. यात त्यांना विसंगती वाटत नव्हती, आणि तशी ती नव्हतीही.

१९५७ मध्ये आर्थर फॉकनर इथून लेबरतर्फे निवडून आले आणि १९८१ पर्यंत, म्हणजे सलग २४ वर्षं राहिले. महायुद्धात विमान चालवलेला हा माणूस १९७२ मध्ये नॉर्मन कर्क यांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाला. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडनं जगाच्या नजरेत भरेल अशी एक गोष्ट केली. फ्रान्स दक्षिण पॅसिफिकमधल्या मुरुरोआ बेटावर अणुचाचण्या करत होता. निषेध म्हणून सरकारनं ओटागो ही युद्धनौका तिकडे पाठवली, तिच्यावर एक मंत्रीही चढवला, आणि नंतर कँटरबरी नावाची नौका तिच्या बदली गेली. युद्धनौका शस्त्रं न उगारता केवळ साक्षीदार म्हणून पाठवायची, हा प्रकार विरळाच. त्या नौदलाचे मंत्री रॉस्किलचे खासदार होते. फ्रेंचांशी न्यूझीलंडचं हे भांडण पुढे १९८५ मध्ये थेट ऑकलंडच्या बंदरात येऊन पोचलं, फ्रेंच हेरांनी ग्रीनपीसचं ‘रेनबो वॉरियर’ जहाज तिथे बुडवलं तेव्हा.

फॉकनर यांच्यानंतर आले फिल गॉफ. १९८१ मध्ये २८ वर्षांचे. तीन वर्षांनी लेबरचं सरकार आलं आणि ते गृहनिर्माणमंत्री झाले, तेव्हा ३१. सरकारी घरांच्या मतदारसंघाचा खासदार गृहनिर्माणमंत्री, म्हणजे दूध आणि साखरच. पण हेच ते सरकार, ज्यानं अर्थमंत्री रॉजर डग्लस यांच्या हातून देशाची अर्थव्यवस्था मुळापासून उसवली. अनुदानं गेली, सरकारी खाती कंपन्या झाली, नोकऱ्या गेल्या. १९९०च्या निवडणुकीत मतदारांनी हिशेब चुकता केला. नॅशनलला ९७ पैकी ६७ जागा मिळाल्या आणि रॉस्किलही गेलं. गॉफ यांना हरवणारे होते गिल्बर्ट माइल्स.

माइल्स यांची कथा आजच्या महाराष्ट्रात कुणालाही ओळखीची वाटेल. निवडून आले नॅशनलच्या तिकिटावर. नॅशनलचं सरकार तर डग्लसपेक्षाही पुढे गेलं, भत्त्यांना कात्री लागली. माइल्स आणि त्यांचा एक सहकारी १९९१ मध्ये पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी लिबरल नावाचा नवा पक्ष काढला. तो पक्ष अलायन्स नावाच्या आघाडीत गेला. मग माइल्स आघाडीतूनही निघून विन्स्टन पीटर्स यांच्या न्यूझीलंड फर्स्टमध्ये. एका मुदतीत इतकी घरं बदलल्यावर १९९३ मध्ये मतदारांनी गॉफ यांना परत बोलावलं. ‘खोके’ हा शब्द तिकडे पोचलेला नव्हता, आणि माइल्स यांच्या बाबतीत कुणी तसं काही म्हटलंही नाही. हा माणूस धोरणावर चिडून बाहेर पडला होता. पण रॉस्किलला कोलांट्या आवडत नाहीत, एवढं नोंदवायला हरकत नाही.

त्याच १९९३ मध्ये, त्याच दिवशी, न्यूझीलंडनं सार्वमत घेऊन मतदानाची पद्धतच बदलली. १९९६ पासून प्रत्येक मतदाराला दोन मतं आली. स्थानिक लोक या पद्धतीला नुसतं ‘एमएमपी’ म्हणतात. रॉस्किलचं पुढचं सगळं राजकारण या दोन मतांत असल्यानं मतदान केंद्रात एक चक्कर मारायला हवी.

केंद्र म्हणजे शाळेचा हॉल किंवा चर्चचा. बाहेर एकही फलक नाही. उमेदवाराचा फलक तीन चौरस मीटरपेक्षा मोठा चालत नाही, आणि मतदानाच्या आदल्या मध्यरात्रीपर्यंत तो उतरवावाच लागतो. रात्री बाराच्या सुमारास कार्यकर्ते कुंपणांवरच्या लाकडी पाट्या उचकटत फिरतात. आत टेबलाशी नाव सांगायचं. फोटोचं ओळखपत्र लागत नाही. टेबलामागची बाई छापील यादीत नाव शोधते, पट्टी ठेवते आणि पेनानं नावावर सरळ रेघ ओढते. बोटाला शाई नाही. मग एक लांबट कागद हातात येतो. त्यावर डाव्या रकान्यात पक्ष, उजव्या रकान्यात उमेदवार. दोन्हीकडे एकेक खूण. डावी खूण ठरवते संसदेत कुठल्या पक्षाच्या किती जागा (मतदारसंघ जिंकून जेवढ्या भरल्या नाहीत, तेवढ्या पक्षाच्या यादीतून भरतात); उजवी ठरवते आपल्या गल्लीचा खासदार कोण. कागद पुठ्ठ्याच्या पेटीत टाकायचा, नारिंगी स्टिकर छातीवर चिकटवायचा आणि बाहेर यायचं. सगळं मिळून चहा निवायच्या आत.

या लांबट कागदानं मतदाराला एक मोकळीक दिली. आवडता माणूस एका पक्षाचा असला आणि पटणारं सरकार दुसऱ्याचं असलं, तरी जीव दुभंगायचं कारण राहिलं नाही. रॉस्किलकरांनी या सोयीचा जेवढा फायदा घेतला तेवढा क्वचितच कुणी घेतला असेल.

जुना रॉस्किल मतदारसंघ १९९६ मध्ये नकाशावरून पुसला गेला आणि गॉफ शेजारच्या न्यू लिनमधून उभे राहिले. १९९९ मध्ये माउंट रॉस्किल या नावानं मतदारसंघ परत आला, गॉफही परतले आणि २०१६ पर्यंत हलले नाहीत. परराष्ट्रमंत्री झाले, पुढे चीनशी मुक्त व्यापार कराराच्या वेळी व्यापारमंत्री होते, २००८ ते २०११ लेबरचे नेते होते. या पट्ट्याचं वजन किती होतं, त्याची एक खूण सांगतो. १९९३ च्या अखेरीपासून २०१४ पर्यंत लेबरचे चार नेते झाले. हेलन क्लार्क, गॉफ, डेव्हिड शिअरर आणि डेव्हिड कनलिफ. क्लार्क आणि शिअरर माउंट अल्बर्टच्या बाजूचे, गॉफ रॉस्किलचे, कनलिफ न्यू लिनचे. तिन्ही जागा एकमेकींना खेटून. आपल्याकडे बारामती-इंदापूर पट्ट्याबद्दल जे बोललं जातं, त्याची ही ऑकलंडची आवृत्ती.

दरम्यान मतदार बदलत होते.

न्यूझीलंडमध्ये भारतीय शंभर वर्षांपूर्वीही होते. पुकेकोहेच्या बटाटा-कांद्याच्या शेतांत राबणारे, नंतर फळभाज्यांची दुकानं थाटणारे गुजराती आणि पंजाबी. त्यांचं स्वागत हारतुऱ्यांनी झालं नाही. १९२०च्या कायद्यानं ब्रिटिश वंशाच्या नसलेल्यांना प्रवेशासाठी परवाना लागू लागला. पुकेकोहेत ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ निघाली. १९२६ मध्ये भारतीयांनीही आपली मध्यवर्ती संघटना उभी केली. ही मंडळी संख्येनं इतकी थोडी होती की निवडणुकीत त्यांना कुणी मोजत नव्हतं. चित्र पालटलं ते दोन घटनांनी. १९८७ मध्ये फिजीत लष्करानं सत्ता बळकावली आणि तिथले गिरमिटियांचे वंशज घरदार सोडून ऑकलंडला येऊ लागले. रॉस्किलमधली घरं त्यांना परवडत होती. आणि त्याच सुमारास न्यूझीलंडनं देश पाहून माणसं निवडणं बंद केलं, १९९१ पासून शिक्षण-अनुभवाच्या गुणांवर प्रवेश द्यायला सुरुवात केली. मग पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरहून संगणकवाले, परिचारिका, हिशेबनीस येऊ लागले.

त्यांच्यासाठी इथल्या कायद्यात एक तरतूद आधीपासूनच होती, जिचा अर्थ भारतीयांना जरा उशिरा उमगतो. १९७५ पासून न्यूझीलंडमध्ये मतदानाला नागरिकत्व लागत नाही. निवासी परवाना आणि देशात सलग एक वर्षाचं वास्तव्य पुरतं. जगात असे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उमेदवार व्हायचं तर मात्र नागरिक हवं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट सोडायचा की नाही या प्रश्नावर मराठी घरांत वर्षानुवर्षं चर्चा चालते. गावाकडची शेतजमीन, आईवडिलांचं वय, सगळं त्यात येतं. तो निर्णय लांबणीवर टाकूनही माणूस इथे पूर्ण वजनाचं मत देऊ शकतो. शिवाय यादीत नाव नोंदवणं कायद्यानं सक्तीचं आहे, मत देणं नाही. म्हणजे सरकार बळजबरीनं ताट वाढून ठेवतं, जेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

या सगळ्याच्या वर आणखी एक थर आहे. रॉस्किलमध्ये राहणाऱ्या माओरी माणसानं माओरी यादी निवडली असेल तर त्याचं मत माउंट रॉस्किलमध्ये मोजलंच जात नाही. ते टामाकी माकौराउ या माओरी मतदारसंघात जातं. अशा राखीव जागा १८६७ मध्ये सुरू झाल्या तेव्हा ४ होत्या, आज ७ आहेत. एकाच गल्लीत शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन घरांचे खासदार वेगळे.

२०१४ च्या निकालात रॉस्किलचा नवा स्वभाव उघड झाला. गॉफ ८,०९१ मतांनी जिंकले. पण डाव्या रकान्यात, पक्षांच्या मतांत, नॅशनल लेबरपेक्षा सुमारे दोन हजारांनी पुढे होता. हजारो लोकांनी एकाच कागदावर ‘माणूस लेबरचा, सरकार नॅशनलचं’ असं लिहून ठेवलं होतं. सरकारी घरांत वाढलेल्यांची मुलं बाहेर गेली होती. त्यांच्या जागी कर्ज काढून घर घेतलेली, दुकान चालवणारी, मुलांच्या शाळेचा विचार करणारी कुटुंबं आली होती. त्यांना गॉफ ओळखीचे वाटत होते, लेबर तितकासा नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये गॉफ ऑकलंडचे महापौर झाले आणि ३ डिसेंबरला पोटनिवडणूक लागली. भारतातून नोटाबंदीच्या रांगांच्या बातम्या येत होत्या, गावाकडे पैसे कसे पाठवायचे याची काळजी होती, आणि इकडे देशाच्या नजरा रॉस्किलवर. नॅशनलनं परमजीत परमार यांना उभं केलं. त्या २०१४ मध्येही इथूनच लढल्या होत्या आणि पक्षाच्या यादीतून संसदेत पोचल्या होत्या. पंजाबी कुटुंबातल्या परमार यांनी जीवरसायनशास्त्राचं शिक्षण पुणे विद्यापीठात घेतलं आणि ऑकलंडला येऊन चेताविज्ञानात डॉक्टरेट केली. पुणे विद्यापीठाची पदवी घेऊन एखाद्या परदेशी संसदेची जागा लढवणाऱ्या व्यक्ती किती असतील? लेबरतर्फे होते मायकेल वुड, पुकेटापापा स्थानिक मंडळावर काम केलेले कामगार चळवळीतले गोरे गृहस्थ. याआधी संसदेच्या निवडणुका चारदा हरलेले. ग्रीन पक्षानं लेबरशी झालेल्या समझोत्यानुसार उमेदवारच दिला नाही.

तिसरे होते रोशन नौहरिया. त्याच वर्षी ‘न्यूझीलंड पीपल्स पार्टी’ निघाली होती, मुख्यतः भारतीयांच्या पाठबळावर. मुद्दा एकच. डेअऱ्यांवर पडणारे दरोडे. सिगारेटवरचा कर वर्षाला वाढत होता, पाकिटं महाग होत होती आणि पोरंटोरं हातोडे घेऊन दुकानांत शिरत होती. गल्ल्यामागे उभं राहणाऱ्याचा प्रश्न खरा होता. रॉस्किल तर त्यासाठी हवी तशी प्रयोगशाळा. भारतीय भरपूर, उमेदवार भारतीय, प्रश्न भारतीय दुकानदारांचा.

निकाल लागला. वुड ११,१७०. परमार ४,६५२. नौहरिया ७०९. म्हणजे दर तीन मतांतली दोन एका गोऱ्या कामगार पुढाऱ्याला, आणि दोन भारतीय उमेदवारांची बेरीज त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन दिवसांनी, ५ डिसेंबरला, पंतप्रधान जॉन की यांनी राजीनामा जाहीर केला. कारण वेगळं होतं, पण वर्तमानपत्रांतून रॉस्किलचा निकाल त्या धक्क्याखाली चिरडला गेला. खरं तर त्याची चिकित्सा जास्त व्हायला हवी होती.

भाषेवर पक्ष उभा राहतो, याचे दाखले जगात आहेत. कॅनडात फ्रेंच भाषकांच्या ब्लॉक केबेकवा पक्षानं १९९३ मध्ये ५४ जागा जिंकून मुख्य विरोधी पक्षाची खुर्ची मिळवली होती, तीही फक्त एका प्रांतात उमेदवार देऊन. आपल्याकडे बेळगाव, खानापूरमध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीनं मराठीच्या नावावर दशकानुदशकं आमदार निवडून आणले. २०१३ मध्येही दोन होते, नंतरच्या दोन निवडणुकांत एकही नाही. दोन्हीकडे एक भाषा आणि एक सलग भूभाग होता, आणि गेलेलं काहीतरी परत मिळवायचं होतं. रॉस्किलमध्ये यातलं काहीच नाही. ‘भारतीय’ हा शब्द इथे बाहेरून चिकटवलेला आहे. फिजीच्या माणसाला दिल्लीची हिंदी परकी, पंजाब्याचा गुरुद्वारा वेगळा, तमिळांची देवळं वेगळी, हैदराबादचा मुसलमान स्टोडर्ड रोडच्या मशिदीत, मराठी माणूस गणपती आणि दिवाळी फराळाच्या कार्यक्रमात सगळ्यांना दिसतो आणि एरवी गायब. या सगळ्यांना गोळा करणारी एकच गोष्ट म्हणजे जनगणनेतला रकाना. रकाना मत देत नाही.

उलट वुड यांनी घरोघरी जाऊन वाहतूक, घरभाडं, दवाखान्यांतल्या रांगा असे विषय मांडले, आणि ते विषय सगळ्या भाषांत सारखेच बोचत होते. भारतीय उमेदवार दिला की भारतीय मतं येतात, हा हिशेब नॅशनलनं तरीही सोडला नाही. परमार २०१७ मध्ये पुन्हा ६,८९८ मतांनी हरल्या, २०२० मध्ये चौथ्यांदा हरल्या आणि यादीतूनही निवडून आल्या नाहीत. २०२३ मध्ये त्या एसीटी पक्षाच्या यादीतून संसदेत परतल्या. कमालीची चिवट बाई, हे मान्य करावं लागेल.

मग हे असं भक्कम वाटणारं वुड यांचं घर २०२३ मध्ये कसं पडलं?

एक कारण रुळांचं. ऑगस्ट २०१७ मध्ये लेबरचं नेतेपद मिळून आठवडाही झाला नसताना आर्डर्न यांनी शहरापासून माउंट रॉस्किलपर्यंत चार वर्षांत लाइट रेल आणण्याचं वचन दिलं. डोमिनियन रोडवर पूर्वी ट्राम धावायची, ती १९५०च्या दशकात उखडली गेली होती. म्हणजे आजोबांच्या काळातलं काहीतरी परत मिळणार होतं. चार वर्षं उलटली, एक फूटही रूळ पडला नाही. तोवर वुड स्वतः वाहतूकमंत्री झाले. जानेवारी २०२२ मध्ये योजना बोगद्यात गेली आणि आकडा १४.६ अब्ज डॉलरवर. पुढच्या सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये ती रद्द केली. वीस कोटींहून अधिक डॉलर कागदांवर खर्च झाले होते.

दुसरं कारण डेअरीचं. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी शेजारच्या सँडरिंगहॅममध्ये एका डेअरीत काम करणाऱ्या भारतीय माणसाचा चोरानं चाकूनं खून केला. मतदारसंघ खुद्द पंतप्रधान आर्डर्न यांचा. देशभरच्या दुकानदारांनी शटर खाली ओढून निषेध केला. सहा वर्षांपूर्वी ७०९ मतांत विरलेला प्रश्न आता प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात होता. तो मांडायला भारतीयांचा वेगळा पक्ष लागला नाही. विरोधी पक्षानं तो अलगद उचलला.

तिसरं कारण वुड यांनी स्वतः पुरवलं. मंत्री असताना ऑकलंड विमानतळाचे काही शेअर त्यांच्या नावावर होते, किंमत फार तर तेरा हजार डॉलर. मंत्रिमंडळ कार्यालयानं ते विकण्याची आठवण त्यांना बारा वेळा करून दिली होती. बारा! लाइट बिलाची आठवणसुद्धा इतक्या वेळा येत नाही. पुढे कौटुंबिक ट्रस्टमधले आणखी शेअर निघाले आणि २१ जून २०२३ रोजी मंत्रिपद गेलं. यात कुणी कोटी कमावले नव्हते. महाराष्ट्राच्या मोजपट्टीत तर ही बातमी आतल्या पानावरही आली नसती. पण निवडणूक चार महिन्यांवर होती.

वुड इमिग्रेशन मंत्रीही होते. करोनाकाळात अडकलेल्या परवानाधारकांना सरकारनं २०२१ मध्ये एकरकमी निवासाची योजना दिली, तिचे बरेचसे अर्ज त्यांच्या कारकिर्दीत मंजूर झाले. हजारो भारतीय कुटुंबं रातोरात कायमची रहिवासी झाली, आणि १९७५ च्या त्या कायद्यामुळे त्यांच्यातले अनेक जण २०२३ मध्ये मतदारही होते. उपकाराची परतफेड मतपेटीत होते असं मानणाऱ्यांनी तो आकडा एकदा पाहावा. १३,८५३ ची आघाडी पुसून १,५६४ चा पराभव. शेजारचं न्यू लिन त्याच रात्री गेलं. माउंट अल्बर्ट लेबरनं राखलं, फेरमोजणीनंतर, १८ मतांनी. वीस वर्षं पक्षाला नेते पुरवणाऱ्या पट्ट्यात हाती राहिलं ते एवढंच.

नॅशनलनं या वेळी भारतीय मतं गृहीत धरून भारतीय उमेदवार दिला नव्हता. कार्लोस च्युंग चिनी वंशाचे. चिनी मतदार रॉस्किलमध्ये भरपूर आहेत, पण तेवढ्यानं जागा येत नाही. डेअरीवाले, भाडं भरून मेटाकुटीला आलेले, व्याजदरानं कंबर मोडलेले असे सगळेच त्यांच्या रकान्यात येऊन पडले. पूर्वी उजवी खूण आणि डावी खूण वेगवेगळ्या बाजूला करणाऱ्या रॉस्किलनं त्या दिवशी दोन्ही खुणा एकाच पक्षापुढे केल्या.

पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२६ ला आहे. धनत्रयोदशी ६ तारखेला, लक्ष्मीपूजन ८ तारखेला. न्यूझीलंडमध्ये फटाके वर्षातून चारच दिवस विकायची परवानगी असते, २ ते ५ नोव्हेंबर. म्हणजे खरेदी गुरुवारपर्यंत उरकावी लागेल. शुक्रवारी संध्याकाळी रॉस्किलच्या मराठी घरांच्या व्हरांड्यात आकाशकंदील चढेल, चकल्यांचा शेवटचा घाणा निघेल, आणि बारा वाजायच्या आत समोरच्या कुंपणावरून कुणीतरी कार्यकर्ता उमेदवाराच्या हसऱ्या चेहऱ्याची पाटी उपटून गाडीच्या डिकीत टाकेल.